भुसा आणि ढलपी

आमच्या घराच्या मागीलदारी एक रायवळ आंबा होता. फळ लहान, बाठा मोठा, आणि खाल्लं की दातांत धागे अडकायचे. पण साठं घालायला आणि रायत्याला आजीला तोच आंबा लागायचा. बुंधा असा की दोन माणसांनी मिळून कवळ घातली तरी हाताला हात लागत नसे. कुणी लावला हे घरात कुणालाच नक्की ठाऊक नव्हतं, आणि म्हणूनच तो सगळ्यांचा होता.

मी अकरा वर्षांचा होतो त्या वर्षी त्याची घाटाकडची फांदी वठली. पुढच्या वर्षी, म्हणजे १९७१ साली, शेंडाही सुकत आला. त्याच सुमाराला वठलेल्या फांदीवर सुतार पक्षी येऊ लागला. दुपारची जेवणं झाली, आजोबा पडवीत आडवे झाले, की मागून आवाज यायचा. टक्. टक्, टक्. मग थांबायचा. पुन्हा टक्.

आजीचा निकाल तयार होता. "त्या सुतारान आंबो पोखरून खाल्ल्यान. बसलो की हाण तेका."

पुरावाही होता. पक्षी डोळ्यांसमोर झाडावर चोच मारत होता, खाली लाकडाचे तुकडे पडत होते आणि झाड मरत होतं. त्यात त्याची वागणूक संशयास्पद. माणूस दिसला की तो उडून जात नसे. खोडाला चिकटलेला तसाच सरकत पलीकडच्या अंगाला जायचा आणि तिथून डोकं काढून बघायचा. चोर दाराआडून बघतो तसा. हे बघून माझीही खात्री पटली.

बेचकी माझ्याकडे होतीच. एप्रिलमधल्या एका दुपारी दगड बसला. पक्षी पडला तेव्हा जिवंत होता, मी जवळ जाईपर्यंत नव्हता. मी त्याला पंखाला धरून उचललं. पाठ सोन्यासारखी पिवळी होती, आणि डोक्यावरचा लाल तुरा मागच्या बाजूलाच होता. कपाळाकडचा भाग काळा, त्यावर पांढरे बारीक ठिपके. हे ठिपके मला नीट आठवतात, कारण मी त्यांच्यावरून बोट फिरवलं होतं. आजीने शाबासकी दिली नाही, रागावलीही नाही. "खड्डो मारून पुर, मांजर ओढीत हाडतला," एवढंच म्हणाली. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा. माझा अपराध त्याच्या आदल्या वर्षीचा, म्हणजे कायद्याच्या लेखी मी सुटलो.

त्यानंतर कितीतरी दिवस दुसरा एक पक्षी येऊन मागीलदारी ओरडत असे. खंड्या ओरडतो तशी उंच, खिदळल्यासारखी ओरड. मला वाटायचं हा नवीन सुतार आला, ह्यालाही हाणला पाहिजे. पण बेचकी मी उचलली नाही. का नाही उचलली ते सांगता येणार नाही.

मे महिन्याच्या शेवटी झाड तोडायचं ठरलं. पावसात वाऱ्याने घरावर आलं असतं. करवतकार आले, त्यांच्याबरोबर गावातले मेस्त्री आले. आधी फांदी दोराने बांधून उतरवली. तिच्यात एक गोल भोक होतं, आत ढोली. मी धावत जाऊन पहिल्यांदा त्या ढोलीत बघितलं. आत काही नव्हतं. मग बुंधा आडवा झाला, आणि सगळेच गप्प झाले. बुंध्याच्या गाभ्यात लाकूड असं थोडंच उरलं होतं. अंगठा जाईल एवढाली बोगदी, एकमेकांत घुसलेली, वर-खाली गेलेली, ओल्या काळपट भुशाने ठासून भरलेली. मेस्त्रींनी कोयतीने एक बोगदं उकललं तर आतून बोटापेक्षा लांब, पिवळट पांढरी, जाड अळी बाहेर पडली आणि उन्हात वळवळू लागली.

"भिरूड," मेस्त्री म्हणाले. मग मला जवळ बोलावून त्यांनी एका हातात तो ओला भुसा घेतला आणि दुसऱ्या हातात फांदीखालचे कोरडे तुकडे. "हो भुसो बघ आणि ही ढलपी बघ. भुसो भिरडाचो, ढलपी सुताराची. भुसो आधी पडता, ढलपी मागसून. तुझ्या सुतारान आंबो मारूक नाय."

त्यांना बेचकीची गोष्ट कुणी सांगितली होती का, मला माहीत नाही. "तुझ्या सुतारान" असं ते का म्हणाले, तेही मी विचारलं नाही.

हे सगळं मी आज का लिहितोय, तर बारा वर्षांनी आमच्याच घरात तीच गोष्ट पुन्हा झाली, आणि त्या वेळी दगड मारणारा मी चोवीस वर्षांचा, डीएड झालेला, मुलांना शिकवणारा मास्तर होतो.

पण आधी पक्ष्याचं सांगून घेतो. माझी पुढे दोडामार्गच्या बाजूला एका शाळेत बदली झाली. तिलारीचं खोरं, वर घाट, आणि तेव्हा आजच्याहून बरंच दाट रान. संध्याकाळी करण्यासारखं काही नव्हतं. शाळेत येणाऱ्या एका साहेबांनी सलीम अलींचं भारतीय पक्ष्यांवरचं पुस्तक वाचायला दिलं. ते मुळात १९४१ साली निघालेलं, माझ्या हातात आली ती पुढची कुठली तरी आवृत्ती. त्यात सुताराची चित्रं बघताना मी पहिल्यांदा कपाळ बघितलं. नराच्या डोक्यावरचा लाल रंग कपाळापासून मागच्या तुऱ्यापर्यंत सलग असतो. मादीचं कपाळ काळं, त्यावर पांढरे ठिपके, लाल फक्त तुरा. म्हणजे मी मारली ती मादी होती, आणि मागाहून ओरडत होता तो बहुधा नर. हे कळायला मला इतकी वर्षं लागली.

आमच्या माडाआंब्यांत दिसतो तो सोनपाठी सुतार. पाठ सोनेरी, कंबर काळी, गळा काळा आणि त्यावर पांढऱ्या रेघा. घाटाच्या रानात त्याच्यासारखाच दिसणारा एक थोराड भाऊ आहे, त्याला मोठा सोनपाठी म्हणतात. दोघांत गफलत सहज होते. उडताना बघावं: आमच्या सुताराची कंबर काळी, रानातल्याची लालभडक. मोठ्याची चोच लांब, मानेचा मागचा भाग पांढरा, आणि गालावरून खाली येणारी काळी रेघ दुहेरी, मध्ये पांढरी जागा ठेवून. त्याच्या मादीच्या डोक्यावर लाल काहीच नसतं, सगळं काळं आणि पांढरे ठिपके. रानात आणखीही सुतार आहेत. एक चिमणीहून थोडाच मोठा, आखूड शेपटीचा, डोक्यावर शरीराला न शोभणारा मोठा तुरा आणि पंखांवर बदामाच्या आकाराचे काळे ठिपके. एक तांबूस, साधा, तुरा नसल्यासारखाच. त्याची गंमत पुढे सांगतो. आणि सगळ्यांचा राजा म्हणजे मोठा काळा सुतार. कावळ्याएवढा, अंग काळंभोर, पोट पांढरं, नराच्या डोक्यावर आणि गालावर लाल. तो मी तिलारीत मोजून तीन वेळा बघितला. त्याला जुनं रान लागतं, आणि त्या रानात मोठी मेलेली झाडं उभी लागतात. आता तिथल्या डोंगरांवर रबर आणि अननस लागले. लागवडीत मेलेलं झाड कुणी उभं ठेवत नाही. स्वच्छ दिसतं सगळं.

सुतार बघायला शिकताना पहिली गोष्ट समजते ती ही, की त्याचं वाजवणं एक नाही, दोन आहेत. एक पोटासाठी. तो खोडावरून वर वर सरकतो, दोन बोटं पुढे दोन मागे असे पाय रोवून, ताठ शेपटीचा टेकू देऊन. थांबतो, टकटक करतो, पुन्हा थांबतो. आत पोकळ लागलं, काही हललं, की तिथे चोच चालवतो. मग जीभ आत जाते. ही जीभ चोचीच्या कितीतरी बाहेर येते, तिचा आधार कवटीच्या मागून वळसा घालून पार कपाळापर्यंत गेलेला असतो, आणि टोकाला बारीक काटे. हे वाजवणं अनियमित असतं, ऐकत ऐकत केलेलं. दुसरं वाजवणं वेगळं. त्यासाठी तो कोरडी, घुमणारी फांदी निवडतो आणि तिच्यावर ठोक्यांची सर सोडतो, इतकी जलद की ठोके वेगळे ऐकू येत नाहीत, लाकूड नुसतं गुरगुरतं. त्या फांदीत त्याला खायला काही नको असतं. ते साऱ्या रानाला सांगणं असतं की मी इथे आहे, ही जागा माझी.

पूर्वी सांगत की त्याच्या कवटीत धक्का झेलणारी गादी असते. २०२२ साली एक संशोधन प्रसिद्ध झालं, त्यात दिसलं की तसं काही नाही. कवटी ताठ हातोडीसारखीच वागते. गादी असती तर घावच कमी बसला असता. मेंदू लहान आणि हलका म्हणून निभावतं, एवढंच.

आता १९८३ ची गोष्ट.

आमचं घर एकत्र होतं. आजोबा वारल्यावर सातबाऱ्यावर बाबांचं नाव लागलं, पुढे ए.कु.मॅ., म्हणजे एकत्र कुटुंबाचे मॅनेजर. बाकीच्या भावांची नावं नाहीत. त्या काळी असंच करत, त्यात कुणाला वावगं वाटत नसे. धाकटे काका मुंबईला गिरणीत होते. काकी दोन मुलांना घेऊन गावी आमच्यात. ती कुडाळकडची, सातवी शिकलेली, आणि आमच्या घरातल्या बायकांत कागद वाचू शकणारी एकटीच. गिरण्यांचा संप १९८२ च्या जानेवारीत सुरू झाला आणि काकांची मनीऑर्डर बंद झाली. हे आधी सांगतो, कारण पुढचं त्याशिवाय कळणार नाही.

चतुर्थीला सगळे चाकरमानी घरी आले होते. आरती झाली, माटवीखाली सगळे बसले होते, शेजारपाजारचेही होते. काकीने सातबाऱ्याचा उतारा आणला आणि बाबांच्या पुढ्यात ठेवला. इतर हक्कांच्या रकान्यात बोजा होता. आमची कलमांची बाग आणि कुळागर दोन्ही गहाण. ती आवाज न चढवता म्हणाली, "भाऊजी, ह्या काय ता सगळ्यांका सांगा."

बाबा काही बोलले नाहीत. नंतर हळूहळू कळलं ते असं: आत्याच्या लग्नाला पहिलं कर्ज. ते फेडायला भातगिरण काढली, तिच्यासाठी दुसरं. गिरण दोन वर्षांत बसली. मग व्याज भरायला तिसरं. चैन कसलीच नाही. त्यांनी स्वतःला एक नवी छत्रीदेखील घेतली नव्हती. पण सात वर्षं त्यांनी कुणालाच सांगितलं नाही, भावांना नाही, आईला नाही. रोज सकाळी पडवीत बसून चहा पिताना ते जसे दिसायचे तसेच दिसत राहिले. बाहेरून हिरवे.

माटवीखाली शांतता होती ती मी मोडली. मी म्हणालो, "काकी, तू घर फोडलंस."

त्या दिवशी घरात हे वाक्य म्हणायला सगळेच तयार होते, पहिल्यांदा माझ्या तोंडून आलं इतकंच. नंतर गावानेही तेच म्हटलं. वर्षभरात वाटप झालं, बागेतला मोठा तुकडा कर्जात गेला, काका-काकी कुडाळला बिऱ्हाड करून राहिले. गणपती एकच राहिला, आमच्याकडे. त्याला काका येत, काकी येत नसे. बाबा १९९४ साली गेले तेव्हा ती आली, अंगणात उभी राहून परत गेली. मी तिच्याशी बोललो नाही.

आता मेस्त्रींचा भुसा आणि ढलपी इथे लावून बघावी, तर उत्तर सोपं वाटतं. घर काकीने पोखरलं नव्हतं. भुसा सात वर्षं पडत होता. आमच्यातल्या कुणी बुंध्याशी वाकून बघितलं नाही. आवाज आला तेव्हा आवाज करणाऱ्याला धरलं. हे मला बाबा गेल्यानंतर दोनेक वर्षांत पटलं. पण पटलं म्हणून काकीकडे गेलो नाही, कारण त्या सोप्या उत्तरात मला आणखी काही टोचत होतं.

मुलांच्या पुस्तकांतून सुताराला झाडांचा डॉक्टर म्हणतात. मीही वर्गात तसंच शिकवलं. पण हे काही खरं नाही. डॉक्टर रोग्यासाठी येतो. सुतार अळीसाठी येतो, मुंग्यांसाठी तर जास्तच; आमच्या सोनपाठीचं मुख्य खाणं मुंग्याच. झाड जगलं काय, मेलं काय, त्याला सारखंच. मेलं तर उलट बरं, मऊ लाकडात ढोली करायला सोपं. सावंतवाडीचे चितारी लाकडी खेळण्यांसाठी पांगाऱ्यासारखं मऊ लाकूड बघतात, हाही तसंच बघतो. तो तांबूस सुतार तर ह्या सगळ्यांच्या वरताण. झाडावर काळ्या मुंग्यांचे मातकट, शेणकुटासारखे गोळे असतात ना, वारूळ झाडावर टांगावं तसे, तो त्यातच भोक पाडून आपलं घरटं करतो, पिल्लं वाढवतो, आणि त्याच जातीच्या मुंग्या खातो. ज्यांच्या घरात राहायचं त्यांनाच खायचं. पक्ष्यांत परोपकार शोधायला जाऊ नये.

मग काकीने जे केलं ते कशासाठी केलं? घरासाठी नाही. तिच्या नवऱ्याचा पगार थांबला होता, संप मिटत नव्हता, तिची मुलं वाढत होती, आणि जमिनीवर त्यांचं नाव नव्हतं. तिला तिचा वाटा हवा होता. हेच बोट आमच्या घरात सगळे दाखवत: "खऱ्यासाठी नाही बोलली ती, वाट्यासाठी बोलली." आणि हे बोट चुकीचं नव्हतं.

माझा प्रश्न असा होता: खरं बोलणाऱ्याचा हेतू स्वार्थाचा असला, तर ते खरं कमी खरं होतं का? अर्थात होत नाही. बोगद्यात अळी असते ती असतेच, चोच कुणाचीही असो. पण बोलणाऱ्याला आपण जे देणं लागतो, कृतज्ञता म्हणा, निदान माफी म्हणा, ते कमी होतं का? इथे माझं उत्तर बरीच वर्षं "होतं" असं होतं. ती स्वतःसाठी बोलली, तिला तिचा वाटा मिळाला, हिशोब मिटला. मी तिचं काही लागत नाही. हा युक्तिवाद मला फार सोयीचा होता. त्यातली खोट लक्षात यायला वेळ लागला. मी तिला शिक्षा दिली होती ती स्वार्थासाठी नव्हतीच. घर फोडल्याबद्दल दिली होती. तो आरोप खोटा ठरल्यावर मी तीच शिक्षा चालू ठेवून आरोप बदलला. असं कोर्टात केलं तर न्यायाधीश हाकलून देतील. आणि स्वार्थाचंच बघायचं, तर गप्प बसलेल्यांचा नव्हता? शेजारी, नातेवाईक, ज्यांना कर्जाची कुणकुण होती, त्यांना आमच्याकडे जेवायला यायचं होतं. त्यांना कुणी काही म्हटलं नाही. निस्वार्थी माणसानेच खरं बोलावं असा नियम केला तर खरं बोलायला कुणी उरणार नाही, आणि भिरडाला तेच हवं असतं.

तरी दोन गोष्टी शिल्लक राहतात. एक तिच्या बोलण्याच्या जागेची. सुताराची दोन वाजवणी मी सांगितली. काकीने चतुर्थीला, माटवीखाली, चारचौघांत जे केलं ते पोटाचं वाजवणं नव्हतं. ती घुमणारी फांदी निवडली होती. बाबांना आधी एकटं गाठून विचारता आलं असतं. त्या दिवसानंतर बाबा गावात मान वर करून चालले नाहीत, आणि ते मी बघितलेलं आहे. ते मला कुठल्याही युक्तिवादाने पुसता येत नाही. पण हेही खरं, की एकत्र घरात धाकट्या सुनेने थोरल्या दिरांना एकटं गाठायचं तरी कुठे? तिचं हळू बोलणं कुणी ऐकलं असतं? घुमणारी फांदी तिला मिळाली ती वर्षातून एकदा, चतुर्थीला.

दुसरी गोष्ट झाडाची. मेस्त्री म्हणाले, सुताराने आंबा मारला नाही. बरोबर. पण सुतार आला नसता तर तो आंबा आणखी किती पावसाळे उभा राहिला असता? पोकळ झाडं वर्षानुवर्षं उभी राहतात. ढलप्या उडाल्या, भोक पडलं, त्यात पाणी गेलं, कूज वाढली, हेही होत असणार. पोकळ घरंही उभी राहतात. कोण जाणे, भाताला एखादं बरं वर्ष आलं असतं, बाबांनी थोडं फेडलं असतं. मी ह्यावर पुष्कळ विचार केला. आंबा आमच्या घरावर कोसळण्याआधी उतरवला गेला तो वठल्यासारखा दिसला म्हणून. मे महिन्यात, दोर बांधून, फांदी फांदी करून. नाहीतर जुलैत रात्री आला असता. घराचं तसं म्हणता येईल की नाही, मला सांगता येत नाही.

२००४ च्या मे महिन्यात मी कुडाळला काकीकडे गेलो. काका आदल्या वर्षी वारले होते. मी कळवलं नव्हतं. ती मागीलदारी आमसुलं वाळत घालत होती, मला बघून उठली नाही, म्हणाली, "बस. हात चिकाट हत माझे." मी ओट्यावर बसलो. बरंच इकडचं-तिकडचं बोलून झालं, आणि मग मी तिला मुख्य गोष्ट सांगायच्या ऐवजी पक्ष्याची सांगितली. बेचकी, ठिपके, मेस्त्री, भुसा, ढलपी. ती हात न थांबवता ऐकत होती. शेवटी मी म्हणालो, "काकी, त्या चतुर्थीला मी तुला जे बोललो..."

"आठवता माका," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, आमसुलं पसरत पसरतच, म्हणाली, "पण तुका एक ठावक नाय. तो कागद माका त्या वर्साक गावलेलो नाय. दोन वर्सां आधीच गावलेलो. पोराच्या फीमाफीसाठी तलाठ्याकडे गेलेलंय तेव्हा."

मी काही बोललो नाही.

"दोन वर्सां मी गप रवलंय. मनीऑर्डर येय होती. तेव्हाच सांगलेला असता तर एकच कर्ज होता, फिटला असता. तिसरा कर्ज मागसून काढल्यानी." तिने माझ्याकडे बघितलं. "ता कोणी माका इचारूक नाय. घर फोडलंय म्हणतत. ता मी केलंय नाय. ह्या केलंय."

ह्यावर काय म्हणायचं ते मला सुचलं नाही. इतकी वर्षं मी तिच्या बोलण्याचा हिशोब करत होतो, आणि ती तिच्या गप्प राहण्याचा करत होती. माफी मागायला गेलेला मी, ती तशीच माझ्याकडे राहिली. मागितली का, असं कुणी विचारलं तर होय म्हणता येईल, पण तिने ती ऐकली की नाही ते ठाऊक नाही.

तिने हात धुतले, चहा केला. निघताना मी सवयीने परसातल्या कलमाच्या बुंध्याशी वाकलो. हापूस, वीसेक वर्षांचं, पानं चांगली तुकतुकीत. जमिनीपासून हातभर उंचीवर सालीच्या फटीत ओला, तांबूस भुसा चिकटलेला होता, खाली मुळाशीही थोडा पडलेला. मी काकीला हाक मारली. तिने वाकून बघितलं, बोटाने भुसा चिमटीत घेऊन चोळला आणि आत गेली. बाहेर आली ती टोकाला आकडा केलेली तार, रॉकेलची बाटली आणि चिकणमातीचा गोळा घेऊन. तार माझ्या हातात दिली.

"तू काढ," म्हणाली, "माका आताशा आतला दिसना नाय."